'दारा' बोटीवरचा स्फोट : काय झाले, कसे झाले, कोणी केले



८ एप्रिल १९६१, शनिवार, पहाटे ४ वाजून ४३ मिनिटे. दुबईबाहेर खुल्या समुद्रात 'दारा' बोटीवर स्फोट झाला. मुंबईत आपल्या घरांत त्या दिवशी पेसाहचा, म्हणजे जुन्या लोकांच्या अनाशी ढाकाच्या सणाचा, शेवटचा दिवस होता. बोट मुंबईकडे परतत होती आणि परतीच्या वाटेवर मस्कत होते. मस्कतला ती पोचली नाही. दोन दिवस जळत राहिली आणि १० एप्रिलच्या सकाळी दुसऱ्या बोटीने ओढून नेताना बुडाली. स्फोटाच्या वेळी बोटीवर ८१९ माणसे होती. मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे २३८ दिला जातो.

आमच्या लहानपणी भायखळ्याला आणि माझगावला या बोटीचे नाव निघाले की वडीलधारी मंडळी एकच वाक्य बोलत : "बॉयलर फुटला." आजही परदेशातल्या आपल्या घरांतून तेच ऐकू येते. वाक्य सोयीचे आहे. बॉयलर फुटला म्हटले की कोणाला दोष नाही आणि कोणाला जाबही विचारायचा नाही. पण ते खरे नाही, आणि का नाही हे नीट मांडावे असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते. आम्ही पेशाने परिचारिका, दारूगोळ्यातले तज्ज्ञ नाही. तरी भाजलेली आणि चिरडलेली माणसे आयुष्यभर हाताळली, आणि नोकरीची काही वर्षे मस्कतला काढली. त्या दोन खिडक्यांतून जे दिसते ते सांगतो.

आधी बोट. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आखाती फेऱ्यांसाठी युद्धानंतर चार बोटी बांधल्या गेल्या : दुमरा, द्वारका, दारा आणि दारेसा. 'दारा' १९४८ साली ग्लासगोच्या बार्कले कर्ल कारखान्यात बांधली, सुमारे पाच हजार टनांची. नावापुढे एम. व्ही. ही अक्षरे होती, म्हणजे मोटर व्हेसल. ती डिझेल इंजिनावर चालत असे. वाफेच्या बॉयलरवर धावणारी ती बोटच नव्हती, तेव्हा 'बॉयलर फुटला' हे वाक्य इथेच डळमळते. जुन्या माणसांनी प्रत्येक बोटीला आगबोट म्हटले आणि आगबोट म्हटली की बॉयलर आलाच, एवढाच त्याचा उगम असावा.

मुंबई, कराची, मस्कत, दुबई, बहारीन, कुवेत, बसरा असा हा रस्ता. आज विमानाने तीन तासांत आखातात उतरणाऱ्या नातवंडांना सांगायला हवे की तेव्हा आखात म्हणजे बोटीचे आठवडे. त्यांतल्या पुष्कळ बंदरांत आपलाच रुपया चालत होता. १९५९ पासून रिझर्व्ह बँक खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापत असे. बोटीत वरच्या वर्गाचे थोडे उतारू आणि बाकी शेकडो डेकवरचे : वळकटी, पत्र्याची पेटी, पाण्याचा तांब्या, आणि मजल्यावर जिथे जागा मिळेल तिथे पथारी. या कंपनीच्या बोटींवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे बटलर-स्वयंपाकी पुष्कळ असत. आपल्या लोकांत कोणी परगावाहून सुखरूप पोचला की घरी एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा होतो. समुद्राचा प्रवास सहज घेण्यासारखा नसतो हे नवगावच्या किनाऱ्यावर बोट फुटून आलेल्या पूर्वजांच्या लेकरांना कोणी शिकवायला नको.

'दारा' २३ मार्चला मुंबईहून निघाली, बसऱ्यापर्यंत जाऊन परत फिरली आणि ७ एप्रिलला दुबईसमोर नांगरून उभी राहिली. तेव्हा दुबईला खोल पाण्याचे बंदर नव्हते. मोठ्या बोटी बाहेर थांबत आणि माणसे व माल लहान पडावांतून खाडीत ये-जा करत. ते काम चालू असतानाच जोराचे वादळ सुटले. जवळ उभी असलेली 'झ्यूस' नावाची पनामाच्या निशाणाची बोट नांगर घसरून 'दारा'वर आदळली. कप्तान चार्ल्स एल्सन यांनी बोट खुल्या समुद्रात नेऊन वादळ काढायचे ठरवले. दर्यावर्दी माणसाचा तो बरोबर निर्णय होता. पण त्यामुळे ज्यांना उतरायचे होते ते उतरू शकले नाहीत. माल काढणारे मजूर, फेरीवाले, दलालांची माणसे, कोणाला निरोप द्यायला आलेले सोयरे, हे सगळे रात्रभर बोटीवर अडकले. पहाटे चारच्या सुमारास वारा पडला आणि बोट दुबईकडे वळली. मग पाऊण तासात स्फोट.

आता मुद्द्याचे. स्फोट कुठे झाला हे तज्ज्ञांना बऱ्यापैकी नेमके सांगता आले. इंजिनाच्या खोलीवरून वर चढत जाणारी एक पोलादी विहीर असते, तिला केसिंग म्हणतात. त्या केसिंगला लागून डाव्या बाजूला, उतारूंच्या वावराच्या मजल्यावर स्फोट झाला. त्याने केसिंगची भिंत फोडली आणि वरचे मजले भेदून दिवाणखान्यापर्यंत वाट काढली. तिथे इंधनाच्या टाक्या नव्हत्या, इंजिनही नव्हते. आपोआप फुटावे असे काही ज्या जागी असायला नको, तिथेच सगळ्यात जोराचा मार बसला होता.

दुसरा पुरावा पोलादाचा. हे समजायला स्वयंपाकघर आठवावे. बंद खोलीत गॅस साचून पेटला तर दारे-खिडक्या उडतात, भिंती फुगून बाहेर ढकलल्या जातात, पण भिंतीजवळचे पातेले चाळणीसारखे होत नाही. वायूचा किंवा तेलाच्या वाफेचा भडका ढकलतो. त्याचा दाब पसरत जातो आणि सगळीकडे जवळपास सारखा लागतो. सुरुंगात असते ते उच्चस्फोटक वेगळे वागते. ते इतक्या वेगाने फुटते की जवळच्या पोलादाला वाकायला सवडच मिळत नाही. ते तुटते, त्याच्या कडा पाकळ्यांसारख्या उलटतात, बारीक तुकडे गोळीसारखे सुटतात आणि पत्र्यावर खळगे पडतात. थोडे लांब गेले की नुकसान झपाट्याने कमी होते. म्हणून उरलेल्या लोखंडावरून स्फोटाची जात ओळखता येते, जखमेवरून हत्यार ओळखावे तसे. 'दारा' उथळ पाण्यात बुडाली, सुमारे वीस मीटरवर, हे तपासाच्या दृष्टीने नशीबच. ब्रिटिश नौदलाच्या पाणबुड्यांनी खाली जाऊन तिची तपासणी केली. बोट खोल समुद्रात गेली असती तर आजही आपण बॉयलरच म्हणत बसलो असतो.

इथे आमच्या धंद्यातले एक सांगतो. स्फोटात सापडलेल्या माणसाच्या शरीरावरही खुणा असतात. हवेच्या धक्क्याने कानाचे पडदे फाटतात, फुप्फुसात रक्त उतरते, आतडे फाटते, आणि वरून पाहावे तर कातडीवर ओरखडाही नसतो. तुकड्यांच्या जखमा निराळ्या, भाजल्याच्या निराळ्या. वाचलेल्यांच्या कानांची त्या वेळी कोणी ओळीने तपासणी केली असती तर कोण कुठे झोपले होते आणि धक्का कुठून आला याचा नकाशाच निघाला असता. पण त्या किनाऱ्यावर तेव्हा दुबईचे मक्तूम हॉस्पिटल ही जेमतेम दहा वर्षांची एकच मोठी सोय होती. शेकडो भाजलेली, बुडता वाचलेली माणसे एका दिवसात येऊन पडली की परिचारिका शिरेत सलाइन लावते, कान तपासत बसत नाही. मृत बहुतेक आगीत किंवा पाण्यात गेले, आणि जळालेल्या किंवा बुडालेल्या देहावरून पहिला धक्का कशाचा होता हे सांगणे महाकठीण. म्हणून साक्ष द्यायला लोखंडच उरले.

१९६२ मध्ये लंडनला चौकशी होऊन निर्णय आला. स्फोट रणगाडाविरोधी सुरुंगाचा असणे जवळजवळ निश्चित आहे आणि तो अज्ञात व्यक्तीने किंवा व्यक्तींनी मुद्दाम ठेवलेला होता, असा त्याचा आशय.

रणगाडाविरोधी सुरुंग हे ऐकून पुष्कळ जण चक्रावतात. बोटीवर कुठला रणगाडा? प्रश्न रास्त आहे. असा सुरुंग म्हणजे मोठ्या थाळीएवढा चपटा डबा आणि त्यात पाच ते दहा किलोपर्यंत उच्चस्फोटक. तो जमिनीत पुरतात. माणूस वरून चालून गेला तर फुटत नाही, जड गाडीचे चाक चढले तरच फुटतो. बोटीच्या मजल्यावर एवढा दाब येणार कुठून? तेव्हा त्याचा वरचा चाप निरुपयोगी होता हे उघड आहे. ठेवणाऱ्याने आतल्या स्फोटकाशी वेगळा पेटता जोडला असणार, आणि आपण निघून जाईपर्यंत वेळ मिळावा म्हणून त्याला काही विलंबाची युक्ती लावली असणार. अशी साधने दुसऱ्या महायुद्धात गुप्त कामांसाठी ढिगाने बनली होती. पेन्सिलीएवढी नळी, आत आम्ल, आम्लाने हळूहळू खाल्ली जाणारी तार, ती तुटली की ठिणगी. ऊन-थंडीप्रमाणे तिची वेळ पुढेमागे होते. 'दारा'वर हीच नळी होती असे आमचे म्हणणे नाही, तत्त्व कसे असते तेवढे दाखवले. चढवायला तर काहीच अडचण नव्हती. डेकच्या उतारूंच्या शेकडो पेट्या, बोचकी, खजुराचे करंडे. दहा किलोची चपटी वस्तू वळकटीत गुंडाळली तर कोणाच्या नजरेत भरणार?

वेळेचे गणित मात्र आम्हाला नेहमी खुपते. सुरुंग ठेवणाऱ्याने घड्याळ लावले तेव्हा त्याला वादळाची कल्पना नव्हती. वादळ नसते तर शनिवारी पहाटे बोट एक तर दुबईसमोर किनाऱ्याजवळ शांत उभी असती, किंवा काम आटोपून मस्कतच्या वाटेला लागली असती. पहिल्या परिस्थितीत मदत हाकेच्या अंतरावर होती. दोन्हीत ते अडकलेले मजूर आणि फेरीवाले आपापल्या घरी झोपलेले असते. ठेवणाऱ्याच्या मनात किती माणसे मारायची होती हे कळायला मार्ग नाही. पण वादळाने त्याच्या हिशोबात आणखी माणसे आणून घातली, आणि ती कोणत्याही तिकिटाच्या वहीत नव्हती.

माणसे एवढी का मेली याचे उत्तर सुरुंगात थोडे आणि आगीत जास्त आहे. त्या एका जागेवरून विजेच्या तारा, आग विझवायचे पाण्याचे नळ आणि सुकाणूची यंत्रणा एकदम गेली. अंधार, धूर, लाकडी सजावट, झोपेतून उठलेली वेगवेगळ्या भाषांची माणसे. खच्चून भरलेली एक होडी उलटली. 'एम्पायर गिलेमॉट' ही ब्रिटिश लँडिंग क्राफ्ट जवळ होती, तिने पुष्कळांना पाण्यातून उचलले. 'बारपेटा' ही कंपनीचीच बोट आणि 'थोर्सहोल्म' हे नॉर्वेचे तेलवाहू जहाज धावले. ब्रिटिश फ्रिगेटी आणि एक अमेरिकन विनाशिका आग विझवायला आल्या. बोट वाचली नाही.

मग कोणी केले? इथे ओमानची गोष्ट सांगावीच लागते. इंग्रजी पुस्तकांत 'दारा'ची नोंद शांतताकाळातली दुर्घटना म्हणून होते. लंडनहून पाहिले तर तसे दिसेल. ओमानच्या डोंगरांतून पाहिले तर नाही. किनाऱ्यावर मस्कतचा सुलतान सईद बिन तैमूर आणि आतल्या मुलखात निझवाचा इमाम, ही जुनी विभागणी १९५० च्या दशकात तेलाच्या शोधापायी फुटली. इमाम गालिब बिन अली आणि त्यांचा भाऊ तालिब यांनी १९५७ मध्ये सौदी मदतीने उठाव केला. सुलतानाच्या बाजूने ब्रिटिश आले. विमानांनी गावांवर बॉम्ब टाकले. निझवाजवळचे तनुफ गाव तेव्हा उद्ध्वस्त झाले ते आजही पडक्या भिंतींनी उभे आहे, सहलीची मंडळी तिथे फोटो काढतात. जानेवारी १९५९ मध्ये ब्रिटिशांच्या खास तुकडीने रात्रीतून जबल अखदर चढून काबीज केला आणि नेते सौदी अरबस्तानात निसटले.

पुस्तकांत युद्ध तिथे संपते. रस्त्यांवर संपले नाही. बाहेरून चोरट्या वाटेने आलेले सुरुंग पुढेही कित्येक महिने ओमानच्या वाटांवर पुरले जात होते. आम्ही मस्कतच्या इस्पितळात असताना आतल्या गावचा एक वृद्ध रुग्ण मधुमेहाच्या उपचाराला येत असे. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. आम्हाला वाटले साखरेने गेला. तो हसून म्हणाला, "लुघम." अरबीत सुरुंगाला लुघम म्हणतात. तरुणपणी लॉरीवर हमाली करताना लॉरीखाली फुटला होता. कोणत्या बाजूचा सुरुंग, कोणाची लॉरी, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

सुरुंग मिळण्याची सोय, ब्रिटिश कंपनीवरचा राग आणि ब्रिटिशांना समुद्रावरही सुरक्षित राहू द्यायचे नाही हा हेतू, या तिन्हींवरून संशय ओमानी बंडखोरांवर गेला आणि बहुतेक लेखकांनी तो मान्य केला. आम्हालाही तोच अंदाज सर्वांत जवळचा वाटतो. पण पुराव्याचे वजन पाहा. सुरुंग होता हे लोखंड सांगते, ते वजनदार. तो कसा पेटवला हे तर्काने कळते, तो तर्क बरा आहे. कोणी ठेवला हे मात्र परिस्थितीवरून केलेले अनुमान आहे, आणि निर्णयातही 'अज्ञात' हाच शब्द आहे. या प्रकरणात कोणाला शिक्षा झाल्याचे आमच्या वाचनात नाही. म्हणून घरी गोष्ट सांगताना "ओमानच्या अरबांनी बोट उडवली" असे सरसकट म्हणू नये. बळी पडलेल्या उतारूंत अरबही होते.

मुंबईच्या गोदीतला स्फोट इथे आठवल्यावाचून राहत नाही. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारी ४ वाजून ६ मिनिटांनी 'फोर्ट स्टिकिन' फुटली. तेव्हा खरोखरीचे महायुद्ध चालू होते. बोटीत सुमारे चौदाशे टन स्फोटके, त्यांच्याबरोबर कराचीला चढवलेला कापूस आणि सोन्याच्या विटा. मांडवी पेटली. आपल्या सॅम्युएल स्ट्रीटचे आणि इस्राएल मोहल्ल्याचे लोक त्या आगीच्या तोंडाशी राहत होते. सगळी मुंबई म्हणाली, जपान्यांनी घातपात केला. चौकशीत निघाले की कापसाला आग लागली आणि वेळेवर विझवली गेली नाही. निष्काळजीपणा, दुसरे काही नाही. म्हणजे युद्धाच्या ऐन भरात सगळ्यांना घातपात दिसला तिथे अपघात होता, आणि शांततेत सगळ्यांना अपघात दिसला तिथे सुरुंग होता. योगायोग असा की तोही पेसाहचाच आठवडा, सातवा दिवस. शकुन-अपशकुन मानणाऱ्यांनी यात काही शोधू नये, पंचांग आम्ही फक्त तारखा जुळवायला काढले.

ओमानच्या पाण्यात त्याआधी एक स्फोट असा झाला होता की त्याला तज्ज्ञ लागलेच नाहीत. २८ जून १९४३ ला खुद्द मस्कतच्या बंदरात 'दाहपू' हे नॉर्वेचे जहाज जपानी पाणबुडी आय-२७ ने पाणतीराने बुडवले. मस्कतचे बंदर डोंगरांनी वेढलेले, आत येणारे जहाज किल्ल्यांवरून दिसते. तिथे शत्रू पोचला होता. याच पाणबुडीने फेब्रुवारी १९४४ मध्ये मालदीवजवळ 'खेदिव इस्माईल' बुडवली. त्यात सुमारे तेराशे माणसे गेली आणि त्यांत सैन्याच्या परिचारिका होत्या. आमच्या पेशातल्या बायकांच्या मृत्यूंची यादी करताना ती बोट आम्ही कधी वगळत नाही, मस्कतचा उल्लेख आला म्हणून इथे लिहिली.

पुन्हा 'दारा'कडे. ती अजून तिथेच आहे, उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर, आडवी. हौशी पाणबुडे तिच्यावर मासे पाहायला उतरतात. तिची बहीण 'द्वारका' १९८२ पर्यंत मुंबई आणि आखात यांच्यामध्ये चालत राहिली आणि तिच्यावरून आपल्यापैकी काहींनी प्रवासही केला असेल.

बोटीवरच्या अडकलेल्या माणसांची तिकिटे नव्हती हे वर लिहिले. डेकच्या उतारूंची नावे लिहितानाही एक नाव, बापाचे नाव, गाव, एवढेच, आणि तेही लिहिणाऱ्याच्या कानाला जसे लागले तसे. सॅम्युएल, शमुवेल आणि समाजी हा एकच माणूस तीन वह्यांत तीन झालेला आम्ही आपल्या दफनभूमीच्या नोंदींत पाहिला आहे, मग परक्या बंदरातल्या वहीत काय झाले असेल? वाचकांपैकी कोणाच्या घरी १९५५ ते १९६५ या काळातले आखाती बोटींचे तिकीट, बसरा, बहारीन किंवा मस्कतहून आलेले पत्र, बोटीवर काम केलेल्या आजोबांचे खलाशी-पुस्तक असेल, तर मूळ कागद जपून ठेवावा आणि त्याचा फोटो पाठवावा. मागची बाजूही पाठवावी. तारखेचा शिक्का बहुतेक वेळा तिथेच असतो.